लॅपटॉप घेताना डॉक्टरलाही विचारा

पोळ्याच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. दवाखान्यातली गर्दी ओसरली होती. जवळच्याच एका वस्तीवरचे गृहस्थ डोके दुखते म्हणून आले. रक्तदाब पाहिला तर वरचा आकडा १७०. गोळी आधीपासून चालू होती, पण पंधरा दिवस घ्यायची राहून गेली होती. झोप नाही, जेवणात लक्ष नाही. असा माणूस समोर आला की मी आधी औषधाचे विचारीत नाही, घरचे विचारतो.

"काय सांगू डॉक्टरसाहेब, पोरगं इंजिनीअरिंगला लागलं. आता लॅपटॉप पाहिजे म्हणतंय. पंचाहत्तर हजाराचा. मुकादमाकडून यंदा उचल जास्तीची घ्यावी का, ह्याच इचारात हाय."

उचल म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यातील वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. दिवाळी आटोपली की नवरा-बायको जोडीने कारखान्यावर जातात आणि आधीच घेतलेले पैसे उसाच्या मोळ्या वाहून फेडतात. एकाचा आकडा वाढला की दोघांच्या पाठीवरचा भार वाढतो.

मुलगा बाहेर बाकावर बसला होता. त्याला आत बोलावले. म्हटले, "काय रे बाळा, पंचाहत्तर हजारांचाच का?"

मुलगा प्रामाणिक होता. खाली मान घालून म्हणाला, "सर, कॉम्प्युटर ब्रँच आहे, त्याला तर लागतोच. अन् त्याच्यावर थोडं गेमिंग पण होतं."

आता कोणी म्हणेल, आरोग्याच्या सदरात लॅपटॉप कुठून आला? मी संगणकाचा जाणकार नाही, साधा एमबीबीएस डॉक्टर आहे. पण गेल्या काही वर्षांत डोळे चुरचुरणे, मान आखडणे, झोप उडणे अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या मुलांना विचारले की धागा या यंत्रापर्यंत पोहोचतो. आणि बापाच्या रक्तदाबाचा धागा त्याच्या किमतीपर्यंत. म्हणून यंत्र निवडतानाच थोडा विचार झाला तर पुढची औषधे वाचतील, असे मला वाटते.

माझीच चूक

दुसऱ्याला उपदेश करण्याआधी स्वतःची चूक सांगितलेली बरी. २०२० साली टाळेबंदीत माझा मुलगा पदवीच्या पहिल्या वर्षाला होता. वर्ग घरून सुरू झाले. लॅपटॉप घ्यायचा ठरला तेव्हा मी मुद्दाम असा निवडला की ज्यावर गेम चालूच शकणार नाहीत. ४ जीबी मेमरी आणि जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क. पैसेही वाचले आणि खेळही बंद, असा माझा हिशेब.

झाले उलटेच. सकाळी यंत्र सुरू करून पोरगा आंघोळ उरकून यायचा, तरी ते तयार झालेले नसायचे. ऑनलाइन तास चालू असताना वहीतले काही टिपायला दुसरी खिडकी उघडली की आवाज तुटायचा. शेवटी तो मोबाइलवरच तास ऐकू लागला. आणि खेळ बंद झाला का? तोही मोबाइलवर गेला! सहा इंची पडद्यावर, पांघरुणात, रात्री दीड-दीड वाजेपर्यंत. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने पबजीवर बंदी घातली तेव्हा आम्हा आईबापांना हायसे वाटले. पोरांनी आठवडाभरात दुसरा खेळ शोधला. दोन वर्षांनी आम्हाला दुसरा लॅपटॉप घ्यावा लागला. म्हणजे पैसे दोनदा गेले आणि पोराच्या डोळ्याला चष्मा लागला तो वेगळाच.

तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे. खेळाला आळा घालायचा तो वेळ ठरवून घालावा, दुबळे यंत्र घेऊन नव्हे. आणि पैसा खर्चायचा तो अभ्यासाला पुरेल एवढाच खर्चावा, खेळासाठी वेगळा नव्हे. अभ्यासाला नीट पुरणारे यंत्र थोडाफार खेळही आपोआप पेलते.

रायगडमधली शाळा

हा विचार काही माझ्या पदरचा नाही. अमेरिकेतील प्राध्यापक निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी गरीब देशांतील मुलांसाठी शंभर डॉलरचा लॅपटॉप करण्याचा घाट घातला होता. आपल्या देशातला त्याचा पहिला प्रयोग २००७ साली महाराष्ट्रातच, रायगड जिल्ह्यातील खैरात या छोट्या गावच्या शाळेत झाला. किंमत शंभर डॉलरवर राहिली नाही, जवळजवळ दुप्पट झाली. पण यंत्र विचारपूर्वक केलेले होते. वीज अगदी कमी लागे आणि पडदा असा की उन्हातही वाचता येई. आणि गंमत म्हणजे त्याच वर्षी सिमसिटी हा शहर वसवण्याचा प्रसिद्ध गेम त्याच्या कंपनीने या यंत्रासाठी मोफत दिला. म्हणजे मुलांच्या अभ्यासाचे यंत्र करणाऱ्यांनीही खेळ वर्ज्य मानला नव्हता.

या योजनेचा दुसरा धडाही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पेरू देशात शेकडो शाळांची पाहणी होऊन २०१२ साली निष्कर्ष निघाला की लॅपटॉप मिळाल्याने मुलांच्या गणित-भाषेच्या गुणांत वाढ दिसत नाही. यंत्र स्वतः शिकवीत नाही. शिकवणारा आणि शिकणारा दोघे लागतात. तेव्हा महागडे यंत्र घेतले म्हणजे मुलगा हुशार होईल, या भ्रमात पालकांनी राहू नये.

कोणते यंत्र पुरते?

आधी गरज पाहावी. अकरावी-बारावीच्या, नीट-सीईटी देणाऱ्या मुलाला माझ्या मते लॅपटॉप लागत नाही. कला, वाणिज्य शाखेला अगदी साधे यंत्र पुरते. कॉम्प्युटर, आयटी, बीसीए, बीसीएसच्या मुलांना खाली सांगतो तसे यंत्र पुरावे. सिव्हिल, मेकॅनिकलच्या मुलांना आराखडे काढण्यासाठी जड सॉफ्टवेअर लागते. त्यांना स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाची गरज पडू शकते. पण तेसुद्धा कॉलेज सुरू झाल्यावर, तिथल्या शिक्षकांना आणि वरच्या वर्गातील मुलांना विचारून ठरवावे. प्रवेशाच्या दिवशीच दुकानात धावू नये.

पुढील माहिती माझ्या भाच्याने समजावून दिली, ती माझ्या शब्दांत सांगतो.

मेमरी, म्हणजे रॅम, १६ जीबी असावी. पैसे कमी पडत असतील तर ८ जीबी घ्यावी, पण पुढे वाढवायला जागा आहे का, हे दुकानदाराला स्पष्ट विचारावे. काही यंत्रांत ती कायमची जोडलेली असते. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेले यंत्र चित्रे दाखवायलाही हीच मेमरी वापरते, म्हणून ती कमी असली की गेम अडखळतो. मेमरीची एकच पट्टी असण्यापेक्षा दोन असल्या तर खेळ अधिक सुरळीत चालतो. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव जगभर चढले, तेव्हा वाढवण्याची सोय असणे फायद्याचे.

साठवणीसाठी एसएसडीच घ्यावी, ५१२ जीबी. फिरत्या हार्ड डिस्कच्या वाटेला जाऊ नये. माझा अनुभव वर सांगितलाच आहे.

प्रोसेसर इंटेलचा आय ५ किंवा एएमडीचा रायझन ५ पाहावा. पण नुसत्या नावावर भुलू नये. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू यांत कागदावर एका अंकाचा फरक. प्रत्यक्षात पहिल्यात चार कोअर आणि चित्रांची ताकद अगदी बेताची. दुसऱ्यात सहा कोअर आणि चित्रांची ताकद बरीच जास्त. या सात हजारांच्या मालिकेत तिसरा अंक आतील रचनेची पिढी सांगतो. औषधाच्या पट्टीवर मिलिग्रॅम वाचावे तसा हा अंक वाचावा.

एवढ्या यंत्रावर व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट चालतात. २०१५ साली संगणकावर आलेला जीटीए ५ चित्रांचा दर्जा कमी ठेवला तर चालतो. आणि गावोगावच्या पोरांचा लाडका, जुना क्रिकेट ०७ तर कशावरही चालतो. अगदी नवे, जड गेम मात्र चालणार नाहीत. त्याची खंत करू नये.

गेमिंगचा म्हणून विकला जाणारा लॅपटॉप बहुधा याहून वीस-तीस हजारांनी महाग पडतो. शिवाय तो वजनाला सव्वादोन-अडीच किलो, त्यात विटेएवढा चार्जर. रोज एसटीने जाणाऱ्या पोराच्या खांद्याला हे ओझे. बॅटरी लवकर संपते, आणि आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. साध्या लॅपटॉपचा चार्जर ४५ ते ६५ वॉटचा, तो घरच्या लहान इन्व्हर्टरवर चालतो. गेमिंगच्या यंत्राचा चार्जर दीडशे वॉटच्या पुढे. वर एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या खोलीत ते यंत्र किती तापेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

पडदा फुल एचडी असावा आणि चकचकीत नसावा. दुकानात पडदा दारापाशी उजेडात नेऊन पाहावा. त्यात आपलाच चेहरा दिसत असेल तर तो घेऊ नये. थोडे बाजूला सरून पाहावे. रंग फिके पडले, अक्षरे पुसट झाली तर तो पडदा हलका समजावा. चार वर्षे ज्याकडे टक लावून बसायचे, तिथे हजार-दोन हजार जास्त गेले तरी चालतील.

जुना, दुरुस्त केलेला लॅपटॉप घेण्यात कमीपणा नाही. पण विंडोज १० ची सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली आहे. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. त्याहून जुना माल कितीही स्वस्त मिळाला तरी नको. बिल पक्के घ्यावे, आणि दुरुस्तीचे केंद्र बीडला आहे, लातूरला आहे की थेट पुण्याला, हे आधी विचारावे.

पैसा कुठून आणायचा?

त्या गृहस्थांना मी विचारले, "भाऊ, बँकेत शैक्षणिक कर्जासाठी अर्ज केला का?" केला होता, पण फक्त फी आणि वसतिगृहाचा. पुष्कळ पालकांना माहीत नसते की अभ्यासक्रमाला संगणक आवश्यक असेल तर त्याची वाजवी किंमत शैक्षणिक कर्जात धरता येते. कॉलेजचे पत्र आणि दुकानाचे दरपत्रक घेऊन बँकेच्या साहेबांना भेटावे. मुकादमाच्या उचलीपेक्षा तो मार्ग केव्हाही बरा. बिनव्याजी हप्ता म्हणून दुकानात सांगतात तेव्हा प्रक्रिया शुल्क किती आणि रोखीने घेतल्यास सूट किती मिळाली असती, हे दोन्ही आकडे कागदावर मांडून पाहावेत.

आणल्यानंतरची पथ्ये

लॅपटॉपची रचनाच अशी की पडदा आणि कळफलक एकमेकांना चिकटलेले. पडदा डोळ्यांसमोर आणावा तर हात वर टांगतात, हात खाली ठेवावे तर मान वाकते. उपाय सोपा आहे. हजार रुपयांच्या आत वेगळा कळफलक आणि माउस मिळतो. लॅपटॉपखाली जाड पुस्तके रचून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणावी. हा खर्च लॅपटॉपच्या किमतीतच धरावा.

यंत्र मांडीवर किंवा गादीवर ठेवू नये. रोज तास-तास मांडीवर ठेवल्याने कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात. गादीवर ठेवले तर हवेची छिद्रे बुजून यंत्र तापते. तळ किंवा कळफलक फुगल्यासारखा दिसला तर बॅटरी फुगली असे समजून वापर त्याच क्षणी बंद करावा. चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या धातूला हात लागून मुंग्या येत असतील तर घरातले अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे. ते अंगावर काढू नये.

डोळ्यांसाठी दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहावे. पडद्याकडे पाहताना पापण्या लवणे निम्म्यावर येते, म्हणून डोळे कोरडे पडतात. मुद्दाम पापण्या मिटाव्यात. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यावर पैसे घालवू नयेत. २०२३ साली अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा निघाला, त्यात डोळ्यांचा शीण कमी करण्यात अशा चष्म्याचा विशेष उपयोग दिसला नाही. त्यापेक्षा रोज संध्याकाळी मैदानावर जावे, तेही फुकट.

झोपेपूर्वी तासभर यंत्र बंद असावे. जेवणानंतर एक तास खेळ, मग यंत्र बाहेरच्या खोलीत. हा नियम मुलाशी बोलून, त्याच्या संमतीने ठरवावा. बापाने ओरडून लादलेला नियम पोरगे वसतिगृहात गेले की त्याच दिवशी मोडते.

खेळ कधी आजार होतो?

जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या विकाराला आजारांच्या नव्या यादीत स्थान दिले. ती यादी २०२२ पासून अमलात आली. पण रोज तासभर खेळणारा मुलगा आजारी नव्हे, हेही पालकांनी ध्यानात घ्यावे. लक्षणे तीन. थांबायचे ठरवूनही थांबता न येणे, जेवण, झोप, अभ्यास, मित्र यांपेक्षा खेळ मोठा होणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे. हे साधारण वर्षभर चालले आणि त्यामुळे मुलाच्या शिक्षणाची, घरातल्या वागण्याची घडी मोडली, तर आजार म्हणावे. पण वर्षभर वाट पाहत बसू नये. शंका आली की डॉक्टरांकडे यावे, किंवा सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा.

पैसे लावून खेळायचे गेम मात्र पूर्णपणे वेगळे. तिथे तासाभराचीही सवलत नाही. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून अशा ऑनलाइन खेळांना मनाई केली आहे. कौशल्याचा खेळ आहे, ही सबब त्यात चालत नाही. घरात नवे यंत्र आले की हे एकदा मुलाला शांतपणे सांगावे. चोरीच्या गेमबद्दलही सांगावे. फुकट उतरवलेल्या अशा गेमबरोबर व्हायरस येतात आणि बँकेचे खाते साफ होऊ शकते.

असो. त्या दिवशी दवाखान्यात मी मुलाला एवढेच म्हटले, "बाळा, खेळ जरूर. पण आईबापाने मोळ्या वाहून फेडायचे ते पैसे तुझ्या अभ्यासाला लागू दे." तो काही बोलला नाही. आठवडाभराने दोघे पुन्हा आले. पोराने कॉलेजात चौकशी करून यादी केली होती. ८ जीबीचे, पुढे मेमरी वाढवता येईल असे यंत्र. किंमत पन्नास हजारांच्या आत. बँकेने ती रक्कम कर्जात धरण्याचे मान्य केले होते. जास्तीची उचल घ्यावी लागली नाही. बापाचा रक्तदाब गोळी नियमित सुरू झाल्यावर १४० वर आला.

दिवाळीनंतर नवरा-बायको तोडीला गेले, ते दरवर्षी जातातच. जाताना मात्र दवाखान्यात येऊन दोन महिन्यांच्या गोळ्या घेऊन गेले. आपल्या घरात यंदा लॅपटॉपची मागणी झाली असेल तर पालकांनी एकदम नाही म्हणू नये, आणि एकदम होही म्हणू नये. मुलाला शेजारी बसवावे, कागद-पेन्सिल घ्यावी आणि गरज, किंमत आणि वेळ या तिन्हींचा हिशेब दोघांनी मिळून करावा.